मीही वडूजचाच

सातारला घरी बसून मी अनोळखी लोकांना कामासाठी मेल पाठवायचो. लहान उद्योगांच्या वेबसाइट करून देणं हे माझं काम. मेल कसा लिहावा यावरचे सगळे व्हिडिओ पाहून झाले, तरी कुणी उत्तर देईना. मग मीच डोकं चालवलं. आपल्याकडे माणूस आधी गाव विचारतो, मग काम. पुण्यातल्या एका कारखानदाराची माहिती नेटवर वाचली, मूळ गाव वडूज दिसलं आणि पहिल्याच ओळीत ठोकून दिलं, की मीही वडूजचाच. वडूज मी एकदा एसटीच्या खिडकीतून पाहिलं होतं, तेवढंच.

तासाभरात उत्तर आलं. त्यात कामाचा शब्द नव्हता. 'कुणाचा रं तू? माझी आई तिथं एकटीच असते. तिला सांगितलंय, गावचा पोरगा येणार हाय. रविवारी जेवायलाच जा.'

मी गेलो नाही. खरं काय तेही कळवलं नाही. उलट चिडलो, कामाचं सोडून हे भलतंच काय म्हणून.

सोमवारी पुन्हा मेल आला. 'तुझी वाट बघत आई चार वाजेपर्यंत जेवली न्हाई. तब्येत बरी हाय ना तुझी?'

मी लिहिलं, ताप होता. पुढच्या आठवड्यात काम मला मिळालं.

वेबसाइट सुरू होऊनही बरेच दिवस झाले. त्यांची आई अजून त्यांना फोनवर विचारते, त्या पोराला आता बरं हाय का.