वैशालीचे कृमी

आमच्या लॅबमध्ये किस्से बुरशीसारखे वाढतात. प्लेटचं झाकण जरा उघडं राहिलं की संपलं! माझे बरेचसे किस्से वैशालीवर जळण्यातून उगवलेत, हे आधीच कबूल करतो.

आमचं काम असं. मिलिमीटरभर लांबीचे, आरपार दिसणारे कृमी. त्यांच्या पोटात गाठ वाढते आणि ते लवकर मरतात. त्यांना झाडपाल्याचे अर्क द्यायचे आणि किती दिवस जगतात ते मोजायचं. मी दोन वर्षं गुळवेलीवर. वैशाली मागून आली, तीही तिच्या गावाहून, कुहीहून, बांधावरचं तण, तरोटा, पिशवीत भरून!

आईला हे सगळं समजावून सांगितलं, तर ती म्हणाली, "लोकं जंत मारायचं औषध देतात, अन् तू जंत वाचवून राहिला?"

*

कृमी जिवंत आहे का, हे पापणीच्या केसानं हलकेच टोचून बघतात. काडीला केस चिकटवलेला असतो. माझे कृमी हलेनात, वैशालीचे वळवळत होते. मला वाटलं, तिच्या काडीतच काही आहे!

"तुही काडी दे वं जरा."

तिनं दिली. तरी एकही हलला नाही.

वैशाली म्हणाली, "केस माहा हाय गा, कृमी तर तुहेच हायेत ना!"

*

आमच्या गाईड मॅडमनी मग प्लेटांवरची नावं झाकून नंबर टाकले. कोणाची प्लेट कोणती, कळायला नको. सतरा नंबर बघून मी ओरडलो, "मॅडम, काय जबरदस्त जगलेत! हाच अर्क पुढे न्यायचा!"

मॅडमनी चिठ्ठी उलगडली. तरोटा.

वैशाली म्हणाली, "थँक्यू गा!"

*

ही बातमी गावभर झाली. खापरखेड्याच्या एका काकांचा तिला फोन आला, "मले गाठ हाय, तरोटा खाऊ का?"

"काका, तुम्ही कृमी हाय का? डॉक्टरकडेच जा!"

माझ्या गुळवेलीसाठी आजवर एकाचाही फोन आला नाही.

*

मे महिना. वैशाली भावाच्या लग्नाला कुहीला गेलेली. रविवारी दुपारी लॅबची लाइट गेली, जनरेटरही बसला. बाहेर सेहेचाळीस. कृमींना वीस अंशांवर ठेवणारा इन्क्युबेटर तापायला लागला. गरम झालं की कृमी खलास!

मी कॅन्टीनमधून बर्फ आणला. थंड डबा छोटा. प्लेटांची एकच चळत मावत होती. समोर दोन चळती, एक माझी, एक तिची. तिची मेली तर आम्ही दोघं पुन्हा एका रेषेवर येणार होतो. खोटं कशाला बोलू, हा विचार करत मी बराच वेळ उभा राहिलो. बर्फ वितळत होता.

सोमवारी वैशाली आली, मेंदीच्या हातानंच प्लेटा बघायला बसली. तिचे सगळे जिवंत. माझे सगळे मेलेले.

"डब्यात माह्या ठेवल्या? काहून गा?"

मी म्हणालो, "चहा घेतं का?"