पट्टा तुटला तरी चालणारे पाय

माझा थोरला भाऊ शिंपी. पुढच्या खोलीत खिडकीशी त्याचं पायाचं मशीन, आणि शेजारी स्टुलावर मी काजं-बटणं करत बसते. मला नसत्या चौकशा फार, म्हणून दादा मला चौकशीबाई म्हणतो. तरी नेमकी मीच चुकले.

गेल्या वर्षी दादाला कुणी नसताना आवाज ऐकू यायला लागले. गोळ्या सुरू झाल्या, आवाज थांबले आणि आमच्या जिवात जीव आला. दादा पुन्हा मशीनवर बसला, तो काय सांगू, सकाळपासून पायडल चालूच! आई कौतुकानं म्हणायची, "कामाला लागला हो माझा लेक." शिंप्याचा पाय हलतोय, यात कुणाला काय खटकणार?

मशीनवरून उठला की मात्र नुसत्या येरझाऱ्या. चहासुद्धा चालता चालता प्यायचा. आम्ही ठरवूनच टाकलं, दुखणं उलटलं. तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्याला विचारलं, "कसं वाटतंय?" तो तोंड उघडायच्या आत मी सांगून मोकळी, "फार बेचैन असतो हो." गोळी वाढली. येरझाऱ्याही वाढल्या.

मग एका दुपारी मशीनचा पट्टा तुटला. मी नवा घेऊन आले तर कापड घडी करून बाजूला ठेवलेलं, सुई थांबलेली आणि दादाचे पाय पायडलवर तसेच चालू. मी खाली वाकून बघतच राहिले.

"दादा, काय शिवतोयस?"

"काही नाही. पाय थांबतच नाहीत. थांबवले तर अंगात नुसती तगमग होते."

"कधीपासून?"

"गोळ्या सुरू झाल्यापासून. उद्यापासून बंद करणार आहे मी त्या."

बंद केल्या आणि आवाज परत आले तर? हातापाया पडून मी त्याला तपासणीला नेलं.

डॉक्टरीणबाईंनी त्याला खुर्चीत बसवलं, उभं केलं, बराच वेळ त्याचे पाय पाहिले. म्हणाल्या, "हा आजार नाही, गोळीचा परिणाम आहे. बेचैनी ऐकून मी गोळी वाढवली, ती माझी चूक. आता हळूहळू कमी करू, तगमगीसाठी वेगळी गोळी देते. पण मनानं एकदम बंद करू नका. इतके दिवस बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर घरचे म्हणाले असते, ह्याचं पुन्हा सुरू झालं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग घ्याल ना गोळ्या?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

दादा म्हणाला, "घेईन. पण पुढच्या वेळी हिला बाहेर बसवा."

हल्ली मी बाहेर बाकावर बसते. आत काय बोलणं होतं, काही कळत नाही. दादा बाहेर येतो, नवी चिठ्ठी खिशात घालतो. मी विचारत नाही. फार जड जातं, पण विचारत नाही.