बदल एका ओळीचा, वाचणारे कोणी नाही

मित्रहो, आज सकाळी भोरच्या घरी नव्या संगणकावर आमच्या सी भाषेतील प्रोग्रामच्या चाचण्या चालवल्या. त्या माझ्या दिवंगत पत्नीने, मंगलने, लिहिलेल्या आहेत. पहिल्याच फाइलवर काम थांबले: malloc.h हे हेडर, म्हणजे प्रोग्रामच्या सुरुवातीला जोडायची फाइल, सापडत नाही.

मुलीला फोन केला. ती हसली. "बाबा, ते हेडर प्रमाणित नाही, सगळीकडे नसतं. मेमरी मागायची सोय stdlib.h या प्रमाणित हेडरमध्ये आहेच. ते हेडर जोडणारी आईची ओळ ठेवायचीच असेल, तर ती फक्त जुन्या मशीनवर लागू होईल अशी अट घाला."

ती ओळ ठेवण्याचा मोह झाला. परंतु चाचण्यांना त्या हेडरमधले वेगळे काहीच लागत नव्हते. मंगल म्हणाली असती, "उगा अडगळ कशाला ठेवताय? काढा की!" मी ओळ बदलून तिथे stdlib.h लिहिले. सर्व चाचण्या उत्तीर्ण झाल्या.

आमच्या घरचा नियम होता: एकाने केलेला बदल दुसऱ्याने वाचल्याशिवाय मूळ प्रतीत जायचा नाही. मंगल विंझर गावची. चष्मा सारखा करून वाचायची आणि म्हणायची, "व्हय, जाऊ द्या."

संध्याकाळ झाली. बदल अचूक आहे, तरीही मूळ प्रतीत घातलेला नाही. आपल्यापैकी जे एकटे काम करतात, ते आपला बदल कोणाला वाचायला देतात?