बाबांच्या हातात बसणारा चाकू

माझे सासरे रेल्वेतून निवृत्त झालेले. तारनाक्याच्या घरातून रोज सकाळी विद्यापीठाच्या आवारात फिरायला जायचे आणि तिथल्या बाकावर बसून पेरू कापून खायचे. त्यासाठी खिशात एक घडीचा चाकू असायचा. एके सकाळी त्याचा खटका तुटला. नवा घ्यायचा ठरला, पण बाबांना तो धारदार, स्वस्त किंवा टिकाऊ असण्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना तो हातात बसायला हवा होता.

मी पुण्याची, लग्न होऊन या दखनी हिंदी बोलणाऱ्या शहरात आलेली, घरूनच ऑफिसचं काम करणारी. मी मोबाईलवरून चाकू मागवून टाकला. बाबांनी खोकं फोडलं, चाकू मुठीत धरला आणि डोळे मिटून बराच वेळ तसेच उभे राहिले. कुरिअरवाला दारात ताटकळला होता.

“नक्को,” डोळे उघडून ते म्हणाले. “ह्याची खिशाला अडकवायची पट्टी तळहाताला टोचतेय.”

पुढच्या चाकूच्या मुठीला बोटांसाठी खाचा होत्या. “ह्या खाचा कुणा दुसऱ्याच्या बोटांच्या आहेत,” बाबा म्हणाले. त्यानंतरचा सगळाच स्टीलचा होता. तो त्यांना गार आणि परका वाटला. प्रत्येक वेळी परत करताना मोबाईल कारण विचारायचा आणि त्यात ‘परका वाटला’ असा पर्याय कुठेच नसायचा.

“अहो, पेरू कापायचाय ना?” सासूबाई वैतागल्या. “का त्याच्याशी सोयरीक करायचीय?”

शेवटी एका शनिवारी बाबा मला अफझलगंजच्या बाजारात घेऊन गेले. कुलुपं, अडकित्ते, कात्र्या आणि चाकू यांनी भरलेलं एक अरुंद दुकान होतं. दुकानदार म्हातारे गृहस्थ होते. बाबांनी हात पुढे केला आणि मागणी सांगितली. मला वाटलं, हे आता हसतील. पण त्यांनी बाबांचा तळवा उलटसुलट करून पाहिला, दाबून पाहिला आणि गंभीरपणे म्हणाले, “हौ साब. आँखां बंद करके पकड़ो.”

मग ते एकेक चाकू बाबांच्या मुठीत देत गेले. लाकडी मुठीचा जरा बारीक पडला. म्हशीच्या शिंगाच्या मुठीचा गुळगुळीत होता, पण त्याच्या कडा बाबांना बोचल्या. जाड प्लास्टिकचा मुठीत भरला, पण बाबा म्हणाले की घाम आला की हा दगा देणार. कुलूप घ्यायला आलेले एक गृहस्थ हे सगळं पाहत उभे होते. त्यांना राहवेना. “हमकू भी देखने दो,” म्हणत त्यांनीही एक चाकू घेतला आणि डोळे मिटले. मागून आलेल्या एका बाईंनी अडकित्त्याची चौकशी सोडून हात पुढे केला. थोड्याच वेळात त्या दुकानात मी सोडून सगळे डोळे मिटून उभे होते.

“सूनबाई, तू बी धरून बघ,” बाबा म्हणाले.

माझ्या हातात आला तो शिसवीच्या मुठीचा लहानसा चाकू. मूठ मधे जरा फुगीर, दोन्ही टोकांना निमुळती. मी बोटं मिटली आणि खरंच, काहीतरी जागच्या जागी बसलं. दिवसभर कीबोर्ड बडवून अवघडलेला माझा हात सैल पडला. मी तो त्या बाईंना दिला. त्या म्हणाल्या, “अय्यो!” कुलूपवाल्यांनी धरला, मान डोलावली. दुकानदारांनी स्वतः धरून पाहिला आणि आपल्याच मालाकडे थक्क होऊन बघत राहिले.

सगळ्यात शेवटी बाबांनी धरला. सगळे पुढे वाकले.

“नाही बसत,” बाबा हळूच म्हणाले.

“ऐसा कैसा?” कुलूपवाले जवळजवळ चिडलेच. “सबको बैठरा, तुमकोच क्यों नहीं?”

बाबांचा चेहरा पडला. आजवर ते चाकूंना नापास करत आले होते आणि आता भर बाजारात त्यांचा हातच नापास झाला होता. लोकांच्या आग्रहाला बळी पडून त्यांनी तोच चाकू घेतला.

परतताना मेट्रो स्टेशनवर पिशवी तपासणीच्या यंत्रातून गेली आणि रखवालदाराने चाकू बाहेर काढला. चाकू न्यायला मनाई आहे म्हणाला. पण बोलता बोलता त्याची मूठ आवळली आणि आवाज उतरला. “साब, हाथ में अच्छा बैठता है ये.”

“ह्याच्या बी हातात बसला!” बाबा माझ्याकडे वळून कळवळले.

नियम तो नियम. आम्ही चाकूसकट बाहेर आलो आणि रिक्षा केली. बाबा संतापून बाहेर बघत होते. विद्यानगरच्या गर्दीत रिक्षा गचके खाऊ लागली तेव्हा त्यांनी ड्रायव्हरच्या मागचा लोखंडी दांडा धरला आणि एकदम ताठ झाले. दांड्याला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली होती.

“सूनबाई,” ते कुजबुजले, “हे बसतंय.”

तारनाक्याला उतरल्या उतरल्या त्यांनी सायकलच्या दुकानातून जुनी ट्यूब मागून आणली. घरी कात्रीने तिच्या पट्ट्या कापल्या आणि चाकूवर ओढून ओढून गुंडाळल्या. वर सुतळीच्या पक्क्या गाठी मारल्या. मग डोळे मिटून मूठ आवळली. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. त्यांनी तो मलाही धरायला दिला. मला तो जाड आणि बेढब वाटला, पण तसं सांगण्याची ती वेळ नव्हती.

सासूबाईंनी चाकू हातात घेतला, फिरवून पाहिला. “अहो, हा उघडायचा कुठून?”

बाबांनी पाहिलं. मीही पाहिलं. घडी मिटलेलीच होती आणि पातं मुठीसकट ट्यूबच्या आत गेलं होतं.

मला हसू आवरेना. मी कात्री आणायला उठले, तसा बाबांनी चाकू छातीशी धरला.

“हात लावू नका कुणी,” ते म्हणाले. “हा धरायला राहू दे. कापायला आपण दुसरा घेऊ.”