अकलोलीची कॅसेट

नव्वदचं दशक संपत आलं होतं. भिवंडीत लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करणारी बाई तेव्हा बहुधा मी एकटीच होते. मुसलमान घरांतल्या लग्नात बायकांच्या बाजूला पुरुष कॅमेरावाला चालत नसे, म्हणून आमच्या स्टुडिओच्या शेठनी मला कॅमेरा शिकवला. मी एकवीस वर्षांची होते. तो जड कॅमेरा खांद्यावर घेऊन आत शिरले की एखादी म्हातारी हमखास म्हणायची, "आओ बेटी, पहले खाना खा लो."

त्याच वर्षी आमच्या वस्तीतल्या मंडळाने समाजमंदिरात दोन दिवसांचा व्हिडिओ महोत्सव ठरवला. वस्तीतल्या आणि आसपासच्या तरुणांनी आपल्या जगण्यावर दहा मिनिटांपर्यंतचा पिक्चर करून आणायचा. मंडळाचे अध्यक्ष शाळेत शिकवायचे, त्यांना आम्ही सगळे सर म्हणायचो. कुणी पाण्याच्या रांगेवर करणार होतं, कुणी दारूवर, कुणी कापडाच्या लूमवरच्या बारा तासांच्या ड्युटीवर.

मी माझ्या मैत्रिणीला भेटले. आठवीपासून आम्ही एका बाकावर बसत होतो. आता ती नर्सिंग शिकत होती. तिचे घरचे मूळचे इथले शेतकरी, जमिनीवर गोदामं बांधून भाडं खाणारे. आमच्या घरी आई दिवसभर लूमसाठी सुताच्या कांड्या भरायची. हा फरक आम्हा दोघींना कधी जाणवला नाही, दोन्ही घरांना मात्र पक्का ठाऊक होता.

"मी आपला पिक्चर करणार," मी तिला म्हणाले.

"आपला म्हणजे?"

"आपलाच."

तिला कळलं. आमच्यात जे होतं त्याला आमच्याकडे शब्द नव्हता. पेपरात एकदा 'समलिंगी' असं वाचलं होतं, पण ती बातमी कुठल्याशा परदेशातली होती. तो शब्द तिला किंवा मला लावून बघायचं सुचलंही नाही. आता मुलं सरळ क्वीअर म्हणतात.

"चेहरा नको," ती शेवटी म्हणाली. "नावही नको."

"नाही दाखवत. शब्द देते."

शेठनी जुना कॅमेरा दोन दिवसांसाठी दिला. आम्ही एसटीने अकलोलीला गेलो, गरम पाण्याच्या कुंडांवर. मी फक्त पाय आणि हात टिपले. पाण्यात सोडलेली चार पावलं, वाफ, तिची बोटं संत्रं सोलताना, माझ्या तळहातावर ठेवलेली फोड. परतीच्या वेळी आम्ही स्टॉपवर उभ्या राहिलो. पहिली बस आली, ती सोडली. दुसरी आली, तीही सोडली. हे मी ठरवून केलं नव्हतं. कॅमेरा चालू होता आणि आमचे पाय जागचे हलत नव्हते.

आवाज शुक्रवारी भरला, कारण शुक्रवारी लूम बंद असायचे. एरवी कुठल्याही खोलीत खटखट शिरतेच. मी तिला एक पत्र लिहिलं होतं, पण दिलं नव्हतं. तेच वाचलं. फक्त 'मी'च्या जागी 'ती' घातलं. एक मुलगी आणि तिची मैत्रीण, एवढंच. दोन व्हीसीआर जोडून नऊ मिनिटांची कॅसेट तयार केली.

महोत्सवाच्या आधी मंडळ सगळ्या कॅसेट बघायचं. सरांच्या घरी टीव्हीसमोर पाच जण बसले होते. मी दाराशी उभी होते. कॅसेट अर्धी झाली तशी सरांनी ती थांबवली.

"हे नाही दाखवता येणार."

"ह्यात वाईट काय दाखवलंय, सर?"

"दाखवलं काहीच नाहीस. पण कळतं ना."

"कळतं, म्हणजे पिक्चर जमलाय."

त्यांच्या बाजूचा एक सभासद हसला आणि लगेच गप्प झाला. सर रागावले नव्हते, घाबरले होते. "अगं, आधीच लोक आपल्या वस्तीकडे बोट दाखवायला टपलेत. त्यात हे कशाला? दारूवर कर, हुंड्यावर कर. तुझ्या हातात कला आहे."

"तुम्हीच सांगितलंत, आपल्या जगण्यावर करा. हे माझं जगणं आहे," मी म्हणाले. मी दारातून हलले नाही. "पूर्ण बघा आणि मग नाही म्हणा. अर्धा बघून नाही म्हणू नका."

पाचांत एकच बाई होती. सरकारी दवाखान्यात आया म्हणून उभी हयात काम केलेली, सगळ्या वस्तीची आत्या. ती म्हणाली, "पोरगी बरोबर बोलतेय. लाव रे ती कॅसेट. पुरी बघा, मंग बोला."

त्यांनी पूर्ण पाहिली. संपल्यावर आत्या म्हणाली, "मला काय वंगाळ दिसलं न्हाय. दोघी पोरी बसची वाट बघतायत. आमच्या येळंला पन अशा व्हत्या. बोलायची सोय नव्हती, एवढंच."

हात वर झाले. तीन विरुद्ध दोन. कॅसेट महोत्सवाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला लागणार असं ठरलं.

त्या दुपारी समाजमंदिर भरलं होतं. खिडक्यांवर लूमवरचं जाड कोरं कापड लावून अंधार केला होता. आई पुढे सतरंजीवर बसली होती. तिला मी फक्त "माझा पिक्चर आहे" एवढंच सांगितलं होतं. मैत्रीण मागे, भिंतीपाशी, नर्सिंगच्या दोन मुलींबरोबर.

पहिली पाच मिनिटं लोक शांत होते. संत्र्याच्या फोडीपाशी कुणीतरी खाकरलं. दोन माणसं उठून गेली. सहाव्या मिनिटाला, पहिली बस येताना दिसली, तेवढ्यात लाइट गेली.

भिवंडीत लाइट जाण्याचं कुणाला नवल नव्हतं. उकडायला लागलं म्हणून कुणीतरी खिडकीवरचं कापड ओढून काढलं आणि लख्ख ऊन आत आलं. लोक कपडे झटकत उठू लागले. सर माझ्याकडे बघून म्हणाले, "राहू दे आता. पुढचा लावू लाइट आल्यावर." त्यांच्या आवाजातली सुटका मला ऐकू आली, आणि मी उठून टीव्हीपाशी गेले.

"बसा," मी म्हणाले. "तीन मिनिटांचा राहिलाय. मी सांगते."

लोक बसले. बहुतेक नवलानेच बसले असतील. मी सुरुवात केली. बस आली, त्यांनी ती सोडली. दुसरी आली, तीही सोडली. इथपर्यंत 'त्या' होत्या. मग समोर आईचा चेहरा दिसला आणि मला 'ती' म्हणता येईना.

"तिसरी शेवटची बस होती, म्हणून आम्ही चढलो," मी म्हणाले. "घरी गेल्यावर मी आईला खोटं सांगितलं, की बस मिळाली नाही. मला तिच्याबरोबर अजून थांबायचं होतं. मला नेहमीच थांबायचं असतं. मला लग्न करायचं नाही. माझं जिच्यावर प्रेम आहे ती मुलगी आहे."

मागून एका माणसाने विचारलं, "ती दुसरी कोण?"

"ते मी सांगणार नाही. ही माझी गोष्ट आहे, माझीच सांगितली."

आत्या म्हणाली, "झालं सांगून? ये, पानी पी."

मैत्रीण मधल्या सुट्टीतल्या चहाच्या आधीच निघून गेली होती. तीन दिवसांनी, ती नर्सिंग शिकायची त्या दवाखान्याच्या फाटकापाशी भेटली.

"मला विचारलं नाहीस," ती म्हणाली.

"लाइट गेली."

"लाइट गेली म्हणून माणूस एवढं सांगतं?" ती हसली नाही. थोडं चालल्यावर म्हणाली, "नाव नाही घेतलंस. ते लक्षात आहे माझ्या."

आई महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलली. एकदा कांड्या भरता भरता म्हणाली, "लग्नाचं विचारायला येतात त्यांना मी काय सांगू?"

"सांग, नाही करत ती."

"असं नसतं गं."

"मग असं असायला लागेल, आई."

तिने कांडी बदलली. तिने ते कधी मान्य केलं असं मी म्हणणार नाही, पण विचारायला येणारी माणसं हळूहळू थांबली. ती काय सांगत होती ते मी तिला विचारलं नाही.

गोष्ट पसरली तशी काही घरांनी मला शूटिंगला बोलावणं बंद केलं. शेठ म्हणाले, "थोडे दिन एडिटिंग कर. लोक विसरतात." मी एडिटिंग केलं आणि त्यात हात चांगला बसला. काहींनी मात्र मुद्दाम मलाच बोलावलं. राहनाळच्या एका नवरीने माझ्या हाताला मेंदी लावत हळूच विचारलं, "वो पिक्चर आप ही का था ना?" मी हो म्हणाले. तिने आणखी काही विचारलं नाही. मेंदी मात्र दोन्ही हातांवर काढली.

मैत्रिणीच्या घरच्यांनी काल्हेरचं एक स्थळ आणलं होतं. नर्सिंगच्या सक्तीच्या नोकरीचा बाँड पुरा व्हायचाय असं सांगून तिने ते थोपवलं आणि नोकरी नाशिकला घेतली. एकाआड एक रविवारी मी एसटीने जायचे. पुढे मीही तिकडे खोली घेतली. आज आम्ही एकाच घरात आहोत. भांडतोही पुष्कळ, बहुतेक वेळा पंख्याच्या वेगावरून.

मी अजून भिवंडीतच असताना महोत्सव दुसऱ्या वर्षीही झाला. त्याआधी एक कॉलेजची मुलगी स्टुडिओत आली. कापड रंगवायच्या डाइंगमध्ये काम करणारा एक तरुणही वेगळा आला. दोघांनाही पिक्चर करायचा होता आणि दोघांनीही बोलता बोलता दार लोटून घेतलं. मी दोघांना कॅमेरा धरायला शिकवलं. तिने वसतिगृहातल्या खोलीवर केला, त्याने आपल्या आवाजावर, ज्याला लोक बायकी म्हणून हसायचे. त्याने मला सांगितलं, "माझा चेहरा दाखवा. पूर्ण दाखवा." आम्ही दाखवला.

सरांनी त्या वर्षी कॅसेट आधी बघायला मागितल्या नाहीत. तिन्ही एकापाठोपाठ लावल्या, माझी धरून. आणि या खेपेला जनरेटर आणून ठेवला होता.