पडवीतून जोडलेला कंट्रोलर

“थंयच बस गो, पडवेर. आत येव नको. चतुर्थीचा शिवराक आसा आमच्यात.”

काकी म्हणाली आणि मी बसले. शिवराक म्हणजे घरात मासे-मटण बंद. मालवणात ज्या सायबर कॅफेत मी कामाला होते, तो गाळा या काकीचा. म्हणून आमच्या शेठनी निघताना बजावलं होतं, “तेंचा काम जावकच होया. नायतर उद्यापासून येव नको.” बाबा अंथरुणाला खिळलेले. आईची माशांची पाटी आणि माझी ही नोकरी, एवढ्यावरच घर.

काम काय, तर काकीच्या मुंबईहून आलेल्या पुतण्याचा वायरलेस कंट्रोलर. टीव्हीवरच्या कन्सोलचे जुने गेम कॉम्प्युटरवर चालवणारा एम्युलेटर त्याने टाकला होता. त्याला हा जोडायचा. कॉम्प्युटर माजघरात. मी खिडकीच्या गजांबाहेर.

“कॉम्प्युटरला लावलेल्या रिसीव्हरचं बटण दाबा. आता कंट्रोलरचं.”

तो दाबायचा. दिवा नुसता लुकलुकायचा.

“मला आत येऊन बघू दे.”

“वायरलेस आहे ना? मग बाहेरूनच कर की!” तो हसला. काकीही हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्षभर हीच बाई माझ्या आईच्या हातची सुरमई घासाघीस करून घेते, चाटूनपुसून खाते.

शेवटी कंटाळून त्यानेच कंट्रोलर पडवीत आणून दिला. मी त्याला एम्युलेटर बंद करून पुन्हा उघडायला सांगितला आणि बटण दाबून धरलं. दिवा स्थिर झाला. आतून गेमचा आवाज आला. नोकरी वाचली म्हणून मला रडूच फुटलं.

तेवढ्यात काकी तांब्या घेऊन आली. मी खाली ठेवलेल्या कंट्रोलरवर तिने तुळशीच्या पानाने पाणी शिंपडलं. सढळ हाताने. दिवा विझला.

“तुज्या हातान गेला! मासेवालीचा चेडू ना तू?”

“पाणी तुमी मारलात.” तोंडातून निघून गेलं. परत घेतलं नाही.

संध्याकाळी शेठ म्हणाले, माफी माग. घरी आई हात जोडायला लागली. “जा गो, पाय धर तेंचे. काय खावचा आमी?”

“मी जावचंय नाय.”

आई कपाळ बडवून रडली. नोकरी गेली, चूल थंड राहिली, बाबांची औषधं थांबली. तरी नाही. मी शिवले म्हणून पाणी शिंपडणाऱ्या घराची पायरी मी चढणार नाही. आईलाही चढू देणार नाही. ती आयुष्यभर माझ्याशी बोलली नाही तरी चालेल.