मांडीवरून उतरवलेली लेक

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. डोणगावला आमचा भाजीचा मळा होता. माझ्या डाव्या हातावर एक फिकट चट्टा होता, उन्हानं आला असेल म्हणून मी सोडून दिलेला. एकदा त्याच हाताला तवा लागला आणि फोड आला, तरी मला कळलं नाही. नवऱ्यानं दाखवल्यावर कळलं. दुसऱ्याच दिवशी तो मला येष्टीनं बुलढाण्याच्या दवाखान्यात घेऊन गेला. दीड वर्षाची लेक माझ्या मांडीवर होती.

डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगितले. टाचणी टोचली की 'हो' म्हणायचं. मी बराच वेळ गप्प बसले. डोळे उघडले तर टाचणी चट्ट्यावरच टेकलेली होती.

ते म्हणाले, महारोग आहे, पण सुरुवातीचा. गोळ्या नेमानं घेतल्या तर बरा होतो. लेकराला पाजायला हरकत नाही. मी फक्त रोगाचं नाव ऐकलं. परतताना लेकीला नवऱ्याच्या मांडीवर दिलं. ती माझा पदर ओढत रडत होती. मी तिच्या मुठीतून पदर सोडवून घेतला.

घरी आल्यावर ओसरीच्या टोकाला बाज टाकली, ताट-पेला वेगळा केला. जाऊबाईंनी समजावलं, नवऱ्यानं समजावलं.

"डाक्टरनं सांगतलं ना, काही होत नाही म्हणून. काऊन लेकराले तोडून राह्यली तू?" नवरा म्हणाला.

"अन् झालं तं? तिच्यासंग लगन कोन करीन?"

दुधानं छाती दाटून यायची. दूध पिळून मी मोरीत टाकायचे, आणि ती भिंतीपलीकडे रडायची. आठवडाभरानं ती जाऊबाईंच्या कुशीत झोपायला लागली. बरं झालं, असं मी सगळ्यांना सांगितलं.

गोळ्या चार वर्षं घेतल्या. चट्टा विरला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आता गोळी नको. त्या दिवशी घरी आल्या आल्या मी अंगणात बसले, लेकीला हाक मारली आणि हात पुढे केले.

ती थबकली. जाऊबाईंकडे वळून तिनं विचारलं, "आई, जाऊ काय?"

जाऊबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी तिला हळूच पुढे लोटलं. पाहुण्यांपुढे उभं राहावं तशी ती माझ्यापुढे उभी राहिली. मी तिच्या केसांवरून हात फिरवला. ती हलली नाही, माझा हात निघायची वाट पाहत राहिली.

"जाय, खेळ," मी म्हटलं. ती पळत गेली.